तातांनी दात घेतला

रविवार, ३ मार्च

डावी बाजू, खालून तिसरी बरगडी. लाथ. एकच. सकाळी साडेआठ, चर्चला निघायच्या आधी.

असंच लिहायची सवय झालीय — कुठे, कशाने, कितीदा, किती वाजता. अकरा वर्षं महिला केंद्रात दुसऱ्या बायकांचं लिहून घेतेय. मग स्वतःचंही शिस्तीत लिहावं की! मारणारा: इसिकेली, वय चव्वेचाळीस, धक्क्यावरचा मुकादम, चर्चच्या रग्बी संघाचा लाडका कोच. नातं: नवरा. मार खाणारी: केलेरा, वय एकेचाळीस, केंद्राची प्रमुख. हसूच येतं. हसलं की बरगडी दुखते.

कारण: वासेवा कुठे आहे ते मी सांगत नाही.

वासेवा म्हणजे त्याच्या पुतण्याची, नेतानीची बायको. सव्वीस वर्षांची. नेतानीने तिला कोयत्याच्या मुठीने मारलं, जबडा दोन ठिकाणी मोडला. एकवीस तारखेला कोर्टात तिची साक्ष आहे. तोवर ती कुठे लपलीय हे तिघींनाच ठाऊक — मी, केंद्रातली सुमिंत्रादीदी, आणि जिच्या घरी ठेवलीय ती बाई.

"फक्त ठिकाण सांग," म्हणाला. आवाज शांत. नेहमीच शांत. "घरातली भानगड घरात मिटवू. आमचं पोर तुरुंगात जाणार, आणि पाठवणार कोण? माझी बायको! धक्क्यावर तोंड कसं दाखवू?"

चर्चमध्ये शेजारी बसून खर्जात गायला. मी नुसते ओठ हलवले, श्वासच पुरत नव्हता. बाहेर पडताना पाद्रीबाई माझा हात धरून म्हणाल्या, "देव असा नवरा सगळ्यांना देवो गं!" मी म्हटलं, "देवो." तोंडावर तो कधीच मारत नाही. मला टीव्हीवर बोलायला जावं लागतं ना.

सोमवार, ४ मार्च

पोलिसांचा वर्ग. चौदा नवे कॉन्स्टेबल. मी तेच सांगितलं, जे दर वर्षी सांगते — "नवऱ्याकडचे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला आले, मुलीच्या वडिलांनी तो घेतला, सगळे मिळून यंगोनाच्या मुळीचं पेय प्याले, तरी गुन्हा नोंदवायचाच. माफी त्यांची त्यांच्यापाशी. कायदा कायद्यापाशी."

एकाने हात वर केला. "पण बाई, दात घेतल्यावर मारत नाहीत ना? दाताचा धाक असतोच की."

"काही दिवस असतो," मी म्हणाले.

मागच्या रांगेत मिलियाकेरे बसली होती. निळा फुलाफुलांचा झगा, केस ओले. खोबरेलाचा वास इथपर्यंत. ती मेली त्याला सहा वर्षं झाली.

तेव्हा केंद्राकडून मी तिच्या घरी जाऊन चटईवर बसले होते. तिच्या बापाने माझ्यासमोर दात घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं — मी काहीतरी बोलावं म्हणून. आणि मी काय बोलले? "जा. सोमवारी फोन करते." सोमवारी फोन तिच्या सासूने उचलला.

तेव्हापासून कुठे रिकामी खुर्ची दिसली की येऊन बसते. बोलत नाही, रागावत नाही. नुसती बघते. पहिली काही वर्षं वाईट वाटायचं. आता खरं सांगते, भीती वाटते. मेलीस ना बाई, मग जा ना! अजून काय पाहिजे तुला माझ्याकडून?

दुपारी सुमिंत्रादीदीने विचारलं, "काय गं, वाकडी का चालतेस?" साठीची आहे, उसाच्या मळ्यात वाढलेली, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"बादली उचलताना उसण भरली."

"बादली," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

बादली, दार, न्हाणीघरातली निसरडी फरशी, शिंग मारणारी गाय. अकरा वर्षांत सगळं ऐकलंय. कोणाचंच खरं मानलं नाही.

बुधवार, ६ मार्च

आज काही नाही. ट्रकचं दार कसं आपटलं त्यावरून कळतं. हळू आपटलं. तरी जेवेपर्यंत माझे खांदे कानाला लागलेले.

शनिवार, ९ मार्च

नणंद आली. आतेका. दालोचे कंद घेऊन, म्हणजे भांडायला.

"वहिनी, अगं लोकांच्या घरात काड्या घालून घालून स्वतःच्या चुलीला राहतील का?"

"आमच्याकडे गॅस आहे," मी म्हटलं.

"बोलायला काय, तू फाडफाड बोलशीलच. परदेशी बायकांनी तेवढंच शिकवलंय. नेतानी काय परका आहे का? लहानपणी तुझ्याच मांडीवर झोपलाय तो!"

हे खरं आहे. झोपलाय. गोड पोर होतं. हे कोर्टात कोणी विचारत नाही, आणि मलाही कोणाला सांगता येत नाही.

लोसाना खाली बसून दालो सोलत होती. माझी लेक, पंधरा पूर्ण. आतेका तिच्याकडे बघून म्हणाली, "आणि एवढं सगळं करून पोर एकच, तीही मुकी."

"मुकी नाही. शहाणी आहे."

"इसिकेली शांत आहे म्हणून चाललंय हो तुझं. दुसरा असता तर—"

"तर काय?"

"काही नाही. कंद आजच उकड, उद्याला नासतील."

मंगळवार, १२ मार्च

वासेवाचा फोन, केंद्रावर. जबड्याला तार आहे, शब्द चिरडून येतात. तिचा लहानगा सासूकडेच अडकलाय, तीन वर्षांचा. रोज त्याचंच विचारते.

"ताई, एकवीसला माझ्या शेजारी बसाल ना?"

"बसेन."

"शप्पथ?"

"शप्पथ."

"तुमचे मालक चांगले हो. असलं काम करू देतात."

"हो," म्हणाले. फोन ठेवला. घड्याळ बघून पाच मिनिटं रडले, मग पुढची बाई आत बोलावली.

गुरुवार, १४ मार्च

डावं मनगट. पिरगाळलं, मग दाराच्या चौकटीवर. पावणेसात, सकाळी. आवाज आला तो मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

"कुठे आहे ती?"

"माहीत नाही."

"कुठे आहे?"

"मेले तरी सांगणार नाही!" — हे मात्र ओरडूनच म्हणाले. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा झाला. लोसानाने केला. उसाच्या भावाच्या बातम्या. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती हे करते, किती वर्षांपासून कोण जाणे. मी शिकवलेलं नाही. कदाचित शिकवलंही असेल, बोलून नाही.

तिला म्हटलं, तू आवर, शाळेला जा, मी दवाखान्यात जाऊन येते. इसिकेली अंगणात ट्रकची काच पुसत होता. मी पायीच गेले.

नवी नर्स होती. प्लास्टर होईपर्यंत गप्प. मग दार लोटून, खुर्ची जवळ ओढून, हळू आवाजात — "घरी तुम्हाला धोका नाही ना? नसेल बोलायचं तर नका बोलू. हे जवळ ठेवा." हातात कार्ड कोंबलं. निळं. आमच्या केंद्राचं. खाली नंबर — माझा! दार लोटायचं, खुर्ची ओढायची, आवाज खाली आणायचा, हे सगळं मीच लिहून दिलंय त्यांच्या पुस्तिकेत.

तेवढ्यात तिने कागदावरचं नाव वाचलं. "अगं बाई! तुम्ही त्या केंद्रातल्या...?"

"नाही," मी म्हणाले. "नुसतं नाव सारखं आहे."

कार्ड घेऊन आले. परत द्यायची लाज वाटली.

शुक्रवार, १५ मार्च

तातांकडे आले — वडिलांकडे, गावी. लोसानाला घेऊन सकाळच्या बसने. गडबडीत फोन घरीच राहिला. राहू दे. लोसाना वाटभर खिडकीला टेकून, डोळे मिटून. झोपलेली नव्हती.

ताता पेन्शनीतले मास्तर, चर्चमध्ये उपदेश करतात. आई गेल्यापासून एकटे. प्लास्टर पाहिलं. "जेवलात का?" एवढंच. "माशाचा डबा फोडू?"

चार वर्षांपूर्वीही असाच डबा फोडला होता. तेव्हाही मी अशीच आले, इसिकेलीकडचे दात घेऊन आले, तातांनी घेतला, मी परत गेले. कोणाला सांगितलं नाही. दीदीलाही नाही. त्यानंतर सात महिने त्याने हात लावला नव्हता.

त्याच आठवड्यात गावच्या सभेत मी भाषण दिलं होतं — बापांनो, दात घेऊ नका! टाळ्या पडल्या होत्या.

आज जेवताना एकदाचं म्हणून टाकलं. "ताता, ह्या वेळी आले तर घेऊ नका."

चष्मा पुसत राहिले. "बघू."

शनिवार, १६ मार्च

आले. नऊ पुरुष, दोन ट्रक. दुपारी दोनला.

बायकांचं तिथे काम नसतं. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे. ताता वरच्या बाजूला, गावातले चार म्हातारे त्यांच्यासोबत. समोर इसिकेलीचा चुलता, दोन्ही हातांत दात धरून. मोठा होता, तेल लावलेला, पिवळा, नारळाच्या दोरीत ओवलेला. हलका आणला नाही, हे खरं. इसिकेली मागे दाराशी, मान खाली.

चुलता बोलायला लागला. गोड बोलतो म्हातारा. "आमच्या मुलाचा हात चुकला. ह्या घराची लेक दुखावली. आम्ही लाजेने वाकून आलो आहोत..."

हात चुकला! अकरा वर्षं चुकतोय, नेम धरून!

आणि मी पडद्याबाहेर आले. कशी आले माहीत नाही. चटईच्या कडेला उभी राहिले — उभी! सगळे बसलेले असताना! — आणि म्हणाले, "ताता, नको."

कोणी वर पाहिलं नाही. चुलता दात तसाच धरून. एक म्हातारा खोकला.

"केलेरा," ताता म्हणाले, "आत जा." रागाने नाही. वर्गात म्हणायचे ना, तसं.

आणि हात पुढे केले. घेतला.

टाळ्या. त्या पोकळ टाळ्या, ओंजळ करून वाजवतात त्या. मग यंगोना कालवायला घेतली. इसिकेली रडत होता. खोटं रडत नाही तो. खोटं रडला असता तर किती सोपं झालं असतं! त्याच्या शेजारी, उंबऱ्यापाशी, मिलियाकेरे. केसांतून पाणी गळत होतं. चटईवर ओलं दिसलं मला. नंतर हात लावून पाहिलं तर कोरडं.

एक गोष्ट मात्र त्यांनी पाळली. वासेवाचं नाव कोणी काढलं नाही. एकदाही नाही.

रविवार, १७ मार्च

तातांशी भांडले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"तुम्हीच मला वाचायला शिकवलंत. कशाला शिकवलंत? बाजारात दालो विकायला बसवायची होती!"

"घेतला नसता तर वैर झालं असतं," ताता म्हणाले. "तुला भाऊ नाही. मी किती दिवसांचा? घेतला म्हणून ते बांधले गेले. आता तो हात लावणार नाही."

"किती दिवस?"

बायबल उचलून काखेत धरलं. मग म्हणाले, "तुझ्या आईसाठी मी दोनदा दात नेला होता. तिच्या बापाने दोन्ही वेळा घेतला."

माझे ताता! कधी आवाज चढवलेला आठवत नाही. दोनदा. मी कुठे होते? किती वर्षांची होते? त्याच घरात होते ना मी, ह्याच खोल्यांत. आईने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पोरांना सगळं कळतं म्हणतात लोक. कुठे कळतं!

"मग? थांबलात का तुम्ही?"

"दुसऱ्या वेळी थांबलो," ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला गेले.

एकटी बसून मांडणी केली. एकवीस तारखेला चार दिवस उरलेत. दाताचा धाक चार दिवस तरी नक्की टिकेल, मागच्या वेळी सात महिने टिकला. परत गेले नाही तर दाताचा शब्द मोडला, मग ते वासेवाला शोधायला मोकळे. परत गेले तर हात बांधलेले. म्हणजे परत जायचं. जगाला सांगते दातावर विश्वास ठेवू नका, आणि स्वतः त्याच्याच आडोशाला जाऊन बसते! असू दे. चार दिवस. साक्ष झाली की बघू.

सोमवार, १८ मार्च

घरी. इसिकेलीने मासे शिजवून ठेवले होते, नारळाच्या दुधात. प्लास्टरच्या हाताखाली उशी सरकवली. फोन माझ्या पुढ्यात ठेवला, चार्ज केलेला.

वासेवाबद्दल विचारलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

आजही विचारलं नाही. मला झोप लागली, कित्येक दिवसांनी. लोसाना शाळेतून उशिरा आली, म्हणाली मैत्रिणीकडे अभ्यास होता.

बुधवार, २० मार्च

वासेवा गेली.

जिच्या घरी ठेवली होती तिचा केंद्रावर फोन. शनिवारी दुपारी — मी तिकडे पडद्यामागे उभी होते तेव्हाच! — नेतानीची आई ट्रक घेऊन दारात. पुढच्या सीटवर वासेवाचा लहानगा. "कोणी ओढली नाही हो तिला," बाई म्हणाली. "पोराने हात पुढे केले आणि ती आपली आपण चढली."

"मला फोन का नाही केलात?"

"केला की! त्या रात्रीपासून तीनदा! तुमच्या मालकांनी उचलला. सांगतो म्हणाले."

म्हणून विचारत नव्हता.

तिघींनाच ठाऊक होतं. मी नाही. ती बाई नाही. मी दीदीच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, तू सांगितलंस का. विचारलं मी तिला! जीभ झडली कशी नाही.

दीदीने चष्मा काढला. "माझ्याकडे बघून परत बोल."

मी तिच्या टेबलावरचे कागद नीट लावायला घेतले.

"केलेरा, बादली उचलताना बरगडी दुखत नाही. आणि बादलीने हात मोडत नाही. चार वर्षं माहितीय मला. तू सांगशील म्हणून थांबले. आपणच शिकवतो ना सगळ्यांना — ती स्वतः बोलेपर्यंत थांबा, ओढून काढू नका. थांबले. चुकलं माझं."

मग दोघी रडलो. बाहेर बाकावर तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

गुरुवार, २१ मार्च

कोर्ट. वासेवा सासू आणि आतेकाच्या मध्ये बसलेली. शेजारी जागाच नव्हती. मी मागच्या बाकावर.

"पडले," ती म्हणाली. न्यायाधीशांनी तीनदा विचारलं. तीनदा "पडले." पोर मांडीवर झोपलं होतं. बाहेर जाताना माझ्या अंगावरून गेली, नजर सरळ समोर.

बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मिलियाकेरे आली नाही. ती यावी असं मला पहिल्यांदाच वाटलं.

शुक्रवार, २२ मार्च

सव्वादहा. केंद्रात आहे.

चौकीतल्या बाई कॉन्स्टेबलचा फोन आला होता. एक मुलगी आलीय म्हणे, शाळेच्या गणवेशात, एकटी. वडिलांविरुद्ध तक्रार. आईच्या वतीने नाही, स्वतःची. पाठीवर वळ आहेत, ताजेही आणि जुनेही. चौदा तारखेला सगळ्यात जास्त मारलं, आई दवाखान्यात गेल्यावर. कुठलंसं ठिकाण विचारत होते, शेवटी सांगितलं तिने. मंगळवारी परत मारलं, कोणाला बोललीस तर म्हणून. "नाव लोसाना सांगते," बाई म्हणाली.

वासेवाला पोचवायला गेले तेव्हा लोसाना बसमध्ये माझ्याबरोबर होती. वासेवाची पिशवी तिच्याच मांडीवर होती. मी तिघी मोजल्या. तिला मोजलंच नाही.

मी म्हटलं, निघालेच, पाच मिनिटांत पोचते. तिकडून बाईने मला अडवलं.

"नको बाई. केंद्रातल्या कोणालातरी पाठवा म्हणतेय ती. पण माझी आई नको, म्हणतेय."

दीदी छत्री घेऊन गेली. मी इथेच बसलेय.